तापातही चालू राहिलेली थायरॉईडची गोळी: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, घरची माणसं आणि तारखा यांच्या तपशिलात थोडे फेरफार केले आहेत. औषधं, रिपोर्ट आणि चुका आहेत तशाच ठेवल्या आहेत. चुकांमधली निम्मी माझी आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ३४ वर्षांच्या, जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिका. गावात सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, त्या यजमानांना घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्या तालुक्याच्या गावी दाखवायला आल्या. तीन महिन्यांत सात किलो वजन उतरलं होतं, भूक मात्र वाढलेली. पंख्याखाली बसूनही घाम, जिना चढला की छातीत धडधड, आणि फळ्यावर अक्षर सरळ निघेना इतका हाताला कंप. घरच्यांना वाटत होतं, उन्हाळ्यात जनगणनेची, सर्वेक्षणाची कामं लागतात त्याचा ताण असेल.

नाडी १२४. गळ्याशी दोन्ही बाजूंना सारखी, मऊ गाठ. डोळे किंचित मोठे, पण लाली किंवा दुखणं नाही. टीएसएच (थायरॉईड जास्त झालं की घसरणारं संप्रेरक) ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक, ४.८ (त्या लॅबची वरची मर्यादा १.७). स्कॅनमध्ये अख्खी ग्रंथी झगझगीत दिसली. निदान सरळ होतं: ग्रेव्ह्ज आजार, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉईडला चाबूक मारून पळवणं.

औषध सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या केल्या. पांढऱ्या पेशी ६,२००, त्यात न्यूट्रोफिल ५८ टक्के. लिव्हर ठीक. कार्बिमाझोल १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल ४० मिलिग्रॅम दोनदा, असं लिहून दिलं.

आणि एक वाक्य बोललो: "ताप आला किंवा घसा दुखला तर ही गोळी बंद करा आणि लगेच रक्त तपासा." बोललो याची मला खात्री आहे, कारण प्रत्येकाला बोलतो. पण केसपेपरवर त्याची नोंद नाही, औषधाच्या चिठ्ठीवरही नाही. त्या दिवशी ओपीडीत साठच्या आसपास माणसं होती. बाईंचं मन थाऱ्यावर नव्हतं, यजमान मोबाईलवर लॅबचे पैसे भरत होते. त्या वाक्याचं पुढे काय झालं हेच या प्रकरणाचं मूळ आहे.

ही गोळी करते काय

कार्बिमाझोल पोटात गेल्यावर त्याचं मेथिमाझोल होतं आणि ते थायरॉईडमध्ये संप्रेरक तयार होण्याची प्रक्रिया अडवतं. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. काहींना खाज, पुरळ, सांधेदुखी. पण हजारात दोन ते पाच जणांत एक भलतीच गोष्ट घडते: जंतूंशी पहिल्या फळीत लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी जवळजवळ नाहीशा होतात. प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये त्या ५०० च्या खाली गेल्या की त्याला अ‍ॅग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. न्यूट्रोफिलचं रक्तातलं आयुष्य तासांत मोजण्याइतकं असतं. त्यामुळे पुरवठा थांबला किंवा प्रतिकारशक्तीने त्यांच्यावरच हल्ला केला की साठा दिवसांत संपतो, आठवडे लागत नाहीत. बहुतेक प्रकरणं पहिल्या तीन महिन्यांतली असतात.

मात्रेचाही संबंध आहे. जपानमधल्या एका अभ्यासात दिवसाला ३० मिलिग्रॅम मेथिमाझोल घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आसपास होतं, १५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ०.२ च्या आसपास. ३० मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे ढोबळमानाने १८ मिलिग्रॅम मेथिमाझोल, म्हणजे बाई मधल्या पट्ट्यात होत्या.

पहिले सहा आठवडे

२९ व्या दिवशी बाई परत आल्या तेव्हा चेहराच बदललेला होता. नाडी ९२, वजन दीड किलो वाढलेलं, फ्री टी-४ २.३ वर उतरलेला. मी सीबीसीही करून घेतली: पांढऱ्या पेशी ५,१००, न्यूट्रोफिल ५२ टक्के. सगळं छान. टी-४ अजून नॉर्मलच्या वर म्हणून ३० मिलिग्रॅमच चालू ठेवलं. उतार इतका चांगला असताना २० वर आणता आलं असतं, पण हा विचार मला नंतर सुचला. त्या दिवशी मी फक्त "सुधारणा आहे, चालू ठेवा" असं लिहिलं. ताप-घशाचं वाक्य पुन्हा बोललो नाही.

अडचण: चार दिवस आणि बारा गोळ्या

४० व्या दिवशी, जुलैच्या पावसात, संध्याकाळी घसा खवखवायला लागला. ४१ व्या दिवशी १०२ ताप. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन, पॅरासिटामॉल आणि पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या दिल्या, एक इंजेक्शनही टोचलं. शाळेत निम्मी मुलं तापाने घरी होती, तेव्हा व्हायरलची साथ म्हणणं अगदी स्वाभाविक होतं. त्यांनी विचारलं, "आणखी काही गोळ्या चालू आहेत का?" बाई म्हणाल्या, "थायरॉईडची." डॉक्टरांनी मान हलवली.

आपल्याकडे हा एक शब्द फार मोठा घोटाळा करतो. शंभर घरांत "थायरॉईडची गोळी" म्हटलं की बहुतेक ठिकाणी ती थायरॉक्सिनची असते, थायरॉईड कमी पडतं त्याची. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि आयुष्यभर चुकवायची नाही, हे आता आजीबाईंनाही पाठ आहे. बाईंच्या मोठ्या जाऊबाई गेली नऊ वर्षं ती घेतात. बाईंनी आठवून म्हटलं, "सर काहीतरी गोळी बंद करायचं म्हणाले होते वाटतं." त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, थायरॉईडची गोळी कधी बंद करायची नसते. मी तर बाळंतपणातसुद्धा घेतली." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या गोळीबद्दल ते शंभर टक्के खरं आहे.

४२ व्या दिवशी यजमानांनी माझ्या दवाखान्यात फोन केला. मी ऐकलेला नाही, पण फोन घेणाऱ्या मुलीने दिलेलं उत्तर तिने मला नंतर प्रामाणिकपणे सांगितलं: "सर राऊंडला आहेत. ताप आहे तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा. सरांच्या गोळ्या बंद करू नका." तिला कोणी वेगळं शिकवलंच नव्हतं. ते शिकवणं माझं काम होतं.

४३ व्या दिवशी ताप उतरेना म्हणून डेंग्यूची तपासणी आणि सीबीसी झाली. डेंग्यू निगेटिव्ह. हिमोग्लोबिन ११.४, प्लेटलेट १,९६,०००, पांढऱ्या पेशी १,९००. संध्याकाळी सगळ्यांची नजर गेली प्लेटलेटवर. पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सीबीसीचा रिपोर्ट हा प्लेटलेटचाच रिपोर्ट असतो. गावात भेटलेला माणूसही "पेशी किती?" असं विचारतो तेव्हा त्याला प्लेटलेटच म्हणायचं असतं. प्लेटलेट नॉर्मल, म्हणून घरात सुटकेचा श्वास. पांढऱ्या पेशी कमी आहेत हे डॉक्टरांनी पाहिलं होतं, पण व्हायरल तापात त्या कमी होतातच. तेही खरं आहे.

चूक त्याखालच्या ओळीत लपली होती: न्यूट्रोफिल ६ टक्के. १,९०० चे ६ टक्के म्हणजे ११४. हा गुणाकार कोणीच केला नाही. लॅबच्या छापील रिपोर्टवर टक्के असतात, प्रत्यक्ष संख्या बऱ्याचदा नसते, आणि टक्क्यांना घाबरायला कोणी शिकवत नाही.

रिपोर्ट हातात आल्यानंतर बाईंनी आणखी चार गोळ्या घेतल्या. ताप सुरू झाल्यापासून एकूण बारा.

४५ व्या दिवसाची सकाळ

त्या दिवशी बाईंना गाडीतून धरून उतरवलं. पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं. ताप १०३.२, नाडी १२८, रक्तदाब १००/६०. टॉन्सिलवर करडा पापुद्रा, जिभेच्या कडेला दोन पांढुरके व्रण. पू जवळजवळ नव्हता. पू होतो न्यूट्रोफिलांमुळे, तेव्हा इतका घसा दुखूनही पू नसणं हीच धोक्याची खूण होती.

मी परवाचा रिपोर्ट मागितला, न्यूट्रोफिलची ओळ वाचली, आणि गोळ्यांची पिशवी हातातून काढून घेतली. पुन्हा सीबीसी: पांढऱ्या पेशी १,०००, न्यूट्रोफिल १ टक्का. मशीनच्या टक्क्यांवर अशा वेळी विसंबू नये म्हणून पॅथॉलॉजिस्टना रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली पाहायला सांगितलं. त्यांचा फोन आला: "शोधून एकच सापडला. ब्लास्ट पेशी नाहीत." ब्लास्ट, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात दिसणाऱ्या कच्च्या पेशी, नाहीत, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट शाबूत, म्हणजे रक्ताचा कर्करोग असण्याची शक्यता मागे पडली. पुण्यातल्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणी लांबवायची ठरली. आठवड्यात संख्या वर आली नाही तर करायची.

गावातल्या डॉक्टरांनाही फोन केला. त्यांनी दिलेल्या इंजेक्शनात काय होतं हे मला हवं होतं, कारण काही वेदनाशामकंही न्यूट्रोफिल बुडवतात. ते साधं पॅरासिटामॉल निघालं. ते स्वतःहून म्हणाले, "थायरॉईडची म्हणजे ही थायरॉईडची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मी त्यांना काय बोलणार? माझ्या दवाखान्याच्या फोनवरही तेच घडलं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न: इथे ठेवायचं की चार तास लांब पुण्याला पाठवायचं? पाठवलं असतं तर पहिलं अँटिबायोटिक संध्याकाळी मिळालं असतं. न्यूट्रोफिल शून्याजवळ असलेल्या रुग्णाला ताप असेल तर पहिल्या तासात अँटिबायोटिक जायला हवं. म्हणून ठरवलं: आधी इथे उपचार सुरू करायचे, रक्तदाब घसरला किंवा श्वास लागला तर हलवायचं. रुग्णवाहिका सांगून ठेवली.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. एका बाजूला संसर्ग, दुसऱ्या बाजूला मोकळं सुटलेलं थायरॉईड. त्या दिवशी फ्री टी-४ २.१ होता. औषध बंद केलं की तो चढणार हे ठरलेलं, आणि त्यात ताप. थायरॉईड स्टॉर्मची, म्हणजे थायरॉईड एकदम उसळून जिवावर बेतण्याची, भीती खरी होती. स्टॉर्म ओळखायचे बर्च-वार्टोफ्स्की गुण मांडले: तापाचे २५, नाडीचे १५, कारणीभूत घटनेचे १०, एकूण ५०. ४५ च्या वर स्टॉर्म म्हणायची पद्धत आहे. पण बाई शुद्धीत होत्या, नीट बोलत होत्या, उलट्या-जुलाब नव्हते, हृदय नीट चाललं होतं. ताप आणि नाडी संसर्गानेही चढतात आणि ही गुणपत्रिका त्यात फरक करत नाही. मी "स्टॉर्म" असं न लिहिता "स्टॉर्मच्या उंबरठ्यावर धरून चला" असं लिहिलं आणि दर दोन तासांनी पाहायचं ठरवलं.

एका सहकाऱ्याने सुचवलं, प्रोपिलथायोयुरासिल देऊ. नाव वेगळं, पण कुळ तेच. कार्बिमाझोलने न्यूट्रोफिल गेलेल्या रुग्णात यानेही ते जाऊ शकतात, आणि ही जोखीम घ्यायची नसते. शिवाय या औषधाचा लिव्हर निकामी करण्याचा दुर्मिळ पण भयंकर इतिहास आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तो पर्याय तिथेच मिटला.

ल्युगॉल आयोडीन हा जुना, जलद उपाय. पण आयोडीनने ग्रंथी तुडुंब भरली की पुढे कित्येक आठवडे किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे ग्रंथी कायमची निकामी करणारा उपाय, आत शिरत नाही. दहा दिवसांत शस्त्रक्रियाच करायची असती तर ल्युगॉल बरोबर होतं. नुकत्या सडलेल्या घशाच्या शेजारी, न्यूट्रोफिल नसताना, मला शस्त्रक्रिया दिसत नव्हती. लिथियमचा विचार केला. ते संप्रेरक बाहेर पडणं रोखतं आणि पांढऱ्या पेशी थोड्या वाढवतंही. पण तहानलेल्या बाईंचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.३ होतं आणि लिथियमची पातळी मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. मोजता येत नाही ते औषध देऊ नये, इतकंच कारण. स्टेरॉईड संसर्गामुळे बाजूला ठेवलं, स्टॉर्म झालंच तर द्यायचं.

उरलं प्रोप्रॅनोलॉल आणि कोलेस्टिरामिन. कोलेस्टिरामिन ही कोलेस्टेरॉलची जुनी पावडर. आतड्यात फिरून परत रक्तात जाणारं थायरॉईड संप्रेरक ती धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते. आमच्या गावातल्या मेडिकलवाल्याने नावसुद्धा ऐकलं नव्हतं, पुण्याहून एसटीच्या पार्सलने मागवली.

काय केलं

ब्लड कल्चरसाठी नमुने घेतले आणि चाळीस मिनिटांत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम सुरू झालं, दर सहा तासांनी. सलाईन, स्वतंत्र खोली, आत येणाऱ्या प्रत्येकाने हात धुऊन मास्क लावायचा. भेटायला येणाऱ्यांना आवरणं हे त्या आठवड्यातलं सगळ्यांत कठीण काम ठरलं. अर्धी शाळा शहाळी आणि पेरू घेऊन जिन्यात उभी होती. शेवटी मुख्याध्यापकांनाच दाराशी बसवलं.

फिलग्रास्टिम ३०० मायक्रोग्रॅम रोज त्वचेखाली. याने अस्थिमज्जा जोर धरते असं आपण मानतो. जपानमधल्या २४ रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत फायदा दिसला नव्हता, नंतरच्या निरीक्षणांत बरं होण्याचे दिवस कमी झालेले दिसतात. मी ते दिलं. शून्यावर असलेल्या रुग्णासमोर उभं राहून हात बांधून बसणं मला जमलं नाही, आणि अपायही फारसा नव्हता.

प्रोप्रॅनोलॉल दर सहा तासांनी ४० मिलिग्रॅम केलं. दमा नाही याची दोनदा खात्री करून घेतली. कोलेस्टिरामिन दुसऱ्या दिवसापासून ४ ग्रॅम दिवसातून चारदा, बाकीच्या गोळ्यांपासून अंतर ठेवून, कारण ते त्याही धरून ठेवतं. घसा धरलेल्या बाईंना ती वाळूसारखी पावडर गिळवणं म्हणजे शिक्षा होती. ताकात घोळून दिली तेव्हा जरा उतरली.

दोन निर्णय लहान वाटतात, पण पुढचा सगळा रस्ता त्यांनी मोकळा ठेवला. कान-नाक-घसा तज्ज्ञांना गळ्यात खोल गळू तर नाही ना अशी शंका आली आणि त्यांनी कॉन्ट्रास्ट सीटी लिहिला. ते कॉन्ट्रास्ट (सीटीसाठी शिरेतून देतात ते द्रव्य) म्हणजे आयोडीनच, एका बाटलीत शरीराला महिनोन्‌महिने पुरेल इतकं. आम्ही बसून बोललो, साधा सीटी आणि सोनोग्राफी केली. गळू नव्हतं. जीव धोक्यात असता तर मी कॉन्ट्रास्टला हो म्हटलं असतं, हेही त्यांना सांगितलं. दुसरं म्हणजे त्या तपकिरी गुळण्या. पोव्हिडोन आयोडीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. चार दिवस दिवसातून चारदा त्या चालल्या होत्या. बंद करून मिठाच्या कोमट पाण्याच्या आणि क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या लावल्या.

निकाल

न्यूट्रोफिलांची प्रत्यक्ष संख्या मी खोलीबाहेरच्या फळ्यावर लिहीत होतो. दाखल झाल्या त्या दिवशी १०. तिसऱ्या दिवशी २०. पाचव्या दिवशी १३०. बाईंचे यजमान सहकारी बँकेत रोखपाल. ते रोज सकाळी तो आकडा वहीत उतरवून घ्यायचे. सातव्या दिवशी ६२०, आठव्या दिवशी १,९००, नवव्या दिवशी ५,४००. ताप चौथ्या दिवशीच उतरला होता. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. आधी घेतलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनमुळे तसं झालं असेल, आणि न उगवलं म्हणून संसर्ग नव्हता असं कोणी समजू नये. फिलग्रास्टिम आठव्या दिवशी थांबवलं, दहाव्या दिवशी घरी सोडलं.

घरी जाताना फ्री टी-४ ३.६ होता. म्हणजे आता कायमचा उपाय हवा होता आणि तोही लवकर. शस्त्रक्रिया की किरणोत्सारी आयोडीन, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. बाईंचा धाकटा मुलगा चार वर्षांचा, आईच्या कुशीतच झोपणारा. किरणोत्सारी आयोडीननंतर काही दिवस त्याला लांब ठेवावं लागणार, आणि सहा महिने गर्भधारणा टाळायची. ग्रेव्ह्जमुळे होणारा डोळ्यांचा आजार अगदी सौम्य आणि शांत होता. तो सक्रिय असता तर मी स्टेरॉईडच्या आडोशाशिवाय हा मार्ग धरला नसता. शस्त्रक्रियेआधी टी-४ खाली आणायला हवा होता आणि तो आणणारी औषधंच आता बंद होती. बाईंनी स्वतः ठरवलं: "गळा एकदा पाहिला मी आतून. पुन्हा नको." मुलगा मामाकडे गेला.

सुटी मिळाल्यापासून तीन आठवड्यांनी पुण्यातल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात आधी ग्रंथी किती आयोडीन ओढते ते मोजलं. गुळण्यांमुळे मला धाकधूक होती. ५८ टक्के आलं. गर्भधारणा नाही याची तपासणी झाली आणि १२ मिलिक्युरी आयोडीन-१३१ ची कॅप्सूल दिली. तोपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक आठवडे प्रोप्रॅनोलॉल आणि ती पावडर चालू राहिली. नवव्या आठवड्यात टी-४ नॉर्मल, चौथ्या महिन्यात टीएसएच ३८. थायरॉईड आता कमी पडू लागलं होतं. हे अपेक्षितच होतं आणि आधी सांगूनही ठेवलं होतं.

फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाचा दुष्परिणामाचा अर्ज मी भरून पाठवला. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून हा कार्यक्रम चालतो, आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णही स्वतः नोंद करू शकतात. माझ्या पंधरा वर्षांच्या प्रॅक्टिसमधला हा माझा दुसराच अर्ज. बाकीचे दुष्परिणाम मी पाहिले नाहीत असं नाही. लिहायचा कंटाळा केला.

वेगळं काय करता आलं असतं

दर दोन आठवड्यांनी सीबीसी केली असती तर? जपानमध्ये पहिले दोन महिने तशी करायची सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच आहे, आणि तिथल्या एका मोठ्या केंद्राने १५,३९८ रुग्णांत ५५ जणांना हा त्रास झाल्याची नोंद केली तेव्हा त्यातले बरेच जण लक्षणांआधी नेहमीच्या रक्ततपासणीतच सापडले होते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना मात्र नियमित तपासणीच्या बाजूने किंवा विरोधात पुरेसा पुरावा नाही असं म्हणतात. बाईंची २९ व्या दिवसाची सीबीसी उत्तम होती. ४३ व्या दिवशी, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांनी, पुढची झाली असती तेव्हा ताप आधीच सुरू होता. नियमित तपासणी वाईट नाही, पण या प्रकरणात तिच्यावर विसंबलो असतो तरी उशीरच झाला असता. उलट "मागच्या महिन्यात पेशी नॉर्मल होत्या" हे वाक्य घरच्यांच्या तोंडी होतं, आणि त्याने धीर दिला तो नको तेव्हा.

मात्रा २९ व्या दिवशी कमी केली असती तर जोखीम घटली असती का, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. पण मी आता टी-४ निम्म्यावर आला की मात्रा उतरवतो. आणि आजार मध्यम असेल तर सुरुवातच १५-२० मिलिग्रॅमने करतो.

सगळ्यांत जास्त मी त्या एका वाक्याबद्दल विचार केला आहे. ते मी रुग्णाच्या कानात टाकलं आणि माझं काम संपलं असं मानलं. पण ताप आल्यावर निर्णय घेणारी माणसं वेगळी होती: जाऊबाई, गावातले डॉक्टर, माझ्या दवाखान्यातली मुलगी, लॅबचा तंत्रज्ञ. या चौघांपैकी एकालाही ते वाक्य माहीत असतं तर गोळी तिथेच थांबली असती. आता कार्बिमाझोल देताना मी मराठीत छापलेलं पिवळं कार्ड देतो आणि ते गोळ्यांच्या डबीला रबरबँडने बांधून देतो. त्यावर ठळक अक्षरांत: "ही थायरॉईड जास्त असल्याची गोळी आहे. ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर ही गोळी त्याच क्षणी थांबवा. त्याच दिवशी सीबीसी करा. न्यूट्रोफिलची संख्या विचारा." खाली लहान अक्षरांत कावीळ, गडद लघवी, पोटात असह्य दुखणं, कारण लिव्हर आणि स्वादुपिंडालाही ही गोळी क्वचित धक्का देते. कार्ड घरातल्या दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतो. यात दोन मिनिटं जातात आणि बाहेरची रांग कुरकुरते.

गावातल्या डॉक्टरांना चिठ्ठी जाते. फोन घेणाऱ्या मुलीच्या टेबलावर कागद चिकटवलाय: पिवळं कार्ड आणि ताप असेल तर मला राऊंडमधून बाहेर बोलवायचं. आमच्या लॅबने आता पांढऱ्या पेशी २,००० च्या खाली गेल्या की न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या छापायला आणि मला फोन करायला सुरुवात केली आहे. दुसऱ्या लॅबने "सॉफ्टवेअरमध्ये नाही" असं सांगितलं.

एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे नाही. पिवळ्या कार्डाने लोक थोड्या सर्दीलाही गोळी बंद करतात आणि आठवडाभर तशीच ठेवतात. मग थायरॉईड उसळतं. मागच्या वर्षी तसे दोघे आले. त्यांच्या सीबीसी नॉर्मल होत्या. मी कार्डावर आणखी एक ओळ घातली: "पेशी नॉर्मल आल्या तर त्याच दिवशी विचारून गोळी पुन्हा सुरू करा." आता कार्ड लांबलं आहे आणि लांब कार्ड कोणी वाचत नाही.

चौथ्या महिन्यात मी बाईंना थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम लिहून दिलं. त्यांच्या केसपेपरवर लाल शाईत कार्बिमाझोल, मेथिमाझोल आणि प्रोपिलथायोयुरासिल आयुष्यभर वर्ज्य असं लिहिलेलं आहे, तसाच कागद त्यांच्या पर्समध्ये लॅमिनेट करून आहे. नवी डबी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे ताप आला की ही लगेच बंद, बरोबर ना सर?"

"नाही बाई. ही नाही. ही तुमच्या जाऊबाईंचीच."

त्यांनी ते डबीवर पेनने लिहून घेतलं.